ज्युनिअरना शिकवताना स्वतःचा अभ्यास मागे पडेल का?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातून रोज बेळगावला ये-जा करते आणि बी.एस्सी.च्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. पहिल्या वर्षाच्या मुलांना रसायनशास्त्रात मदत करण्याचे काम कॉलेजने मला मानधनावर देऊ केले आहे. माझे गुण घसरतील, अशी धास्ती बाबांना वाटते. मी काय करावे?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : काम अवश्य स्वीकारावे; मात्र एकच विषय घ्यावा आणि आठवड्याचे तास आधी ठरवून घ्यावेत. दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्याला नेमके कुठे कळलेले नाही ते उघडे पडते, आणि त्याचा लाभ वरच्या सेमिस्टरलाही होतो.

अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत 1973 मध्ये अशी एक पद्धत सुरू झाली. तो विषय आधी चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी नव्या मुलांबरोबर पुन्हा वर्गात बसतो आणि नंतर त्यांचा गट घेतो. तिथे ‘कच्ची मुले’ निवडत नाहीत, तर ज्यात बरेच जण अडखळतात असा विषय निवडतात. त्यामुळे गटात येण्याचा कमीपणा कुणाला वाटत नाही. आपल्या प्राध्यापकांनाही ही मांडणी सुचवून पाहावी, कारण सीमाभागात मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेली हुशार मुलेही पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीपुढे गप्प बसतात, हे मला फार लागते.

शिकवताना पेन समोरच्याच्या हातात राहू द्यावे. समजा, 5.85 ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून 500 मिलिलिटर द्रावण केले, तर मोलॅरिटी (म्हणजे एक लिटर द्रावणात पदार्थाचे किती मोल आहेत ते) किती, असे उदाहरण आहे. मूल 0.1 मोलपर्यंत बरोबर येते आणि त्याला थेट 500 ने भागते. अशा वेळी आपण 0.2 हे उत्तर सांगून टाकू नये; मोलॅरिटी किती द्रावणामागे मोजतात, एवढेच विचारावे. लिटर आठवले की पुढचे ते स्वतःच करते. बोलणे मराठीत किंवा कन्नडमध्ये खुशाल व्हावे, पण उत्तर त्याने इंग्रजीत लिहावे, कारण परीक्षेत त्याला तेच करायचे आहे. जर्नल लिहून देण्याचे काम मात्र कधीही अंगावर घेऊ नये. फी, घरची अडचण किंवा खचलेले मन असे काही समोर आले, तर ऐकून घ्यावे आणि संबंधित प्राध्यापकांकडे न्यावे. तो भार आपण एकटीने वाहायचा नाही.

आपला प्रवासात जाणारा वेळ पाहता आठवड्याला चार-पाच तास पुरेत, आणि तेही दोन तासिकांमधल्या मोकळ्या वेळेत, म्हणजे संध्याकाळची बस चुकणार नाही. तास, मानधन, परीक्षेच्या काळातील सुटी आणि देखरेख कोणाची, हे लेखी घेऊन बाबांना दाखवावे. पहिल्या अंतर्गत चाचणीचे गुणही त्यांच्यासमोर ठेवावेत. ते घसरले असतील, तर तास निम्मे करण्याची मुभा त्याच कागदावर आधीच लिहून घ्यावी.