फुलपाखरांची गच्ची : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुण्यात आमच्या गच्चीवर झिनिया, झेंडू, पेंटास भरपूर फुललेत. फुलपाखरं येतात आणि पाच मिनिटांत निघून जातात. काय चुकतंय?

उत्तर : मधाची सोय झाली, पण अंडी घालायला जागा नाही. मादी अंडी घालते ती अळीला चालणाऱ्या पानांवरच, आणि प्रत्येक जातीची झाडं ठरलेली असतात. कढीलिंब आणि कागदी लिंबावर लाइम व कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं येतात. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळावर वाढतं. रुईवर प्लेन टायगर. रुईला जागा नसेल तर हळदीकुंकू लावा. दोन्हींचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. कण्हेरीवर कॉमन क्रो, सीताफळावर टेल्ड जे येतात. आणि पानफुटी जरूर लावा : सहा इंची कुंडीतही रेड पिएरो अंडी घालतं, त्याची अळी पानाच्या आत राहून गर खाते. पावसाळ्यात टाकळा आपोआप उगवला तर उपटू नका, पिवळी ग्रास यलो त्यावर वाढतात.

कढीलिंबाचं एकच रोप ठेवू नका. चार-पाच मोठ्या अळ्या दोन फुटी रोप काही दिवसांत बोडकं करतात आणि मागाहून जन्मलेल्या उपाशी मरतात. बारा-चौदा इंची तीन कुंड्या ठेवा. मादीला कोवळी पालवी लागते, म्हणून दर तीन आठवड्यांनी एकेका कुंडीचे शेंडे आळीपाळीने खुडा. बोडक्या झालेल्या रोपाला मूठभर शेणखत घाला, ऊन मिळालं की ते पुन्हा फुटतं.

बरेचदा घात होतो तो नर्सरीच्या रोपामुळे. तिथे मारलेलं अंतरप्रवाही (रोपाच्या रसात भिनणारं) कीटकनाशक पानांत टिकतं आणि अळ्या खाता खाता मरतात. नवं रोप दीड-दोन महिने जाळीखाली वेगळं ठेवा, पहिली पालवी खुडून टाका.

प्रश्न : कढीलिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या अळ्या आहेत. निंबोळी अर्क मारू का?

उत्तर : नका मारू! त्या लाइम किंवा मॉरमॉनच्याच आहेत; चौथ्यांदा कात टाकली की हिरव्या होतील. हात लावल्यावर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग काढतात, उग्र वास येतो, पण माणसाला अपाय नाही. निंबोळी अर्क आणि बीटी (जिवाणूंपासूनचं कीटकनाशक), दोन्हींनी अळ्या मरतात. मावा पडला असेल तर अळ्या-अंडी बघून तेवढा बोटाने पुसा. स्वयंपाकासाठी एक कुंडी मच्छरदाणीच्या कापडाने झाका. दोन-तीन आठवड्यांत अळ्या दिसेनाशा होतील; त्या वेळी भिंत, काठ्या, कुंडीची कड झाडू नका, कोष तिथेच असतात.

प्रश्न : काही फुलपाखरं अंडी घालतात ती ईश्वरीची वेल मिळत नाही. नर्सरीतली मोठ्या फुलांची बदकवेल चालेल?

उत्तर : नको. ऑस्ट्रेलियात अशाच एका शोभेच्या वेलीवर बर्डविंग फुलपाखरं अंडी घालतात आणि अळ्या पानं खाऊन मरतात. ईश्वरीचं बी किंवा रोप मिळेपर्यंत थांबा.