शैक्षणिक ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम खेळताना खरंच मजा येते का?

तुमचा प्रश्न असा आहे की मुलगी बारा वर्षांची आहे, शाळा सुटली की मैत्रिणींबरोबर ऑनलाइन गेममध्ये असते. खेळायचंच आहे तर काहीतरी शिकवणारा गेम खेळू दे असं तुम्हाला वाटतं, पण ‘शैक्षणिक’ शब्द ऐकला की ती तोंड फिरवते. तर असे गेम खरोखर मजेचे असतात का?

असतात. मी स्वतः खेळते, आणि माझ्यावर कुणी सक्ती करणारं नाही. फक्त ॲप स्टोअरच्या शैक्षणिक कप्प्यात ते क्वचितच सापडतात. तिथे जे सापडतात त्यातल्या बहुतेकांबद्दल तुमच्या मुलीचं मत बरोबर आहे.

त्या कप्प्यातला नेहमीचा नमुना तुम्ही पाहिला असेल. राक्षस समोर येतो, सात गुणिले आठ किती म्हणून विचारतो, उत्तर बरोबर आलं की तुमची तलवार चालते. दोनचार मुलं एकाच वेळी जोडली की झाला मल्टिप्लेअर. ही शर्करावगुंठित गोळी आहे आणि मुलं साखर चाटून गोळी थुंकतात. ओळखायची एक सोपी खूण सांगते. गेममधून विषय काढून त्या जागी दुसरा घालून बघा. पाढ्यांच्या ऐवजी राजधान्या विचारल्या तरी राक्षस तोच, तलवार तीच. म्हणजे गणिताचा त्या खेळाशी काही संबंधच नव्हता. मुलाच्या दृष्टीने प्रश्न हा खेळाच्या वाटेवरचा टोलनाका असतो.

हे दुखणं कॉम्प्युटरपेक्षा फार जुनं आहे. आपल्याकडचा मोक्षपट घ्या, जो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जातो. शिडीपाशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी काम-क्रोध, वर मोक्ष. पण सोंगटी कुठे जाणार हे ठरवणार कवड्या. तुम्ही राग आवरलात म्हणून शिडी मिळाली असं तिथे होत नाही. म्हणूनच इंग्रजांनी तो उचलला, हळूहळू त्यातली नीती गळून गेली आणि सापशिडी मात्र मजेत जगली. शिकवण पटावर लिहिलेली होती, खेळात नव्हती.

याच मुद्द्यावर इंग्लंडमध्ये जेकब हॅबगूड आणि शॅरन एन्सवर्थ यांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो (तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला). त्यांनी एकाच गेमच्या दोन आवृत्त्या केल्या. एकीत अंगावर आकडे असलेले सांगाडे येतात आणि त्या आकड्याला नि:शेष भाग जाईल असंच हत्यार निवडून वार करायचा. दुसरीत मारामारी तशीच, पण त्यात गणित नाही. गणिताचे प्रश्न लेव्हल संपल्यावर. मुलांना हवी ती खेळायची मोकळीक दिली तेव्हा पहिल्या आवृत्तीत त्यांनी दुसरीच्या सातपट वेळ घालवला. गणित तेच होतं. भागाकार हेच हत्यार झालं तेव्हा मुलं रमली.

तो गेम एकट्याने खेळायचा होता. अनेकजण आले की काय वाढतं? नाव-गाव-फळ-फूल आठवा. ‘झ’ आला की सगळे झाशी लिहितात आणि सगळ्यांना पाचच गुण. दहा हवे असतील तर दुसऱ्या कुणाला न सुचलेलं गाव पाहिजे. म्हणून पुढच्या सुट्टीत एखादं कार्टं ॲटलासमधून झांझिबार आणि झाग्रेब पाठ करून येतं. त्याला भूगोल शिकायचा नव्हता, त्याला मोठ्या बहिणीची जिरवायची होती. समोरच्याला काय येतं यावर आपल्याला काय शिकावं लागेल हे ठरतं, आणि हे काम कुठलाही राक्षस करू शकत नाही.

आता ऑनलाइनकडे येते. माझा सगळ्यात लाडका गेम जिओगेसर. २०१३ मध्ये अँटोन वॉलेन नावाच्या स्वीडिश माणसाने तो काढला. गुगल स्ट्रीट व्ह्यूवरच्या (गुगलची कॅमेरा लावलेली गाडी फिरवून काढलेले रस्त्यांचे फोटो) कुठल्याही रस्त्यावर तुम्हाला उभं करतात आणि आपण कुठे आहोत ते ओळखून नकाशावर पिन टोचायची. ड्युएलमध्ये, म्हणजे दोघांच्या लढतीत, दोघांनाही सहा हजारांची शक्ती असते. ज्याची पिन लांब पडली त्याची शक्ती गुणांतल्या फरकाइतकी कमी होते, आणि पुढच्या फेऱ्यांत फटका मोठा होत जातो. एकाने पिन टोचली की दुसऱ्याच्या हातात पंधरा सेकंद उरतात. त्या पंधरा सेकंदांत माणूस जितकं निरखून बघतो तितकं भूगोलाच्या तासाला कधी बघत नाही.

नववीतला भाचा सुट्टीत रत्नागिरीला आला होता आणि माझ्या लॅपटॉपवर ड्युएल खेळत होता. समोर लाल मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना केळी, वाहनं डावीकडून, आणि एका टपरीवर एअरटेलचा लाल रंग. “मावशी, कोकण आहे गं!” म्हणून तो कुडाळच्या आसपास पिन टोचणार, तेवढ्यात मी म्हटलं, त्या पाटीवरचा मोबाइल नंबर वाच. नंबर शून्य-सातने सुरू होत होता. समोरच्याने पिन टोचलेली, घड्याळ पळतंय, आणि हा ओरडतोय, एअरटेल आहे ना मग! एअरटेल युगांडातही आहे आणि तिथले मोबाइल नंबर शून्य-सातनेच सुरू होतात, म्हटलं. शेवटच्या क्षणी त्याने पिन कम्पालाच्या जवळ नेली. समोरच्याची केनियात पडली होती, त्यामुळे राउंड आमचा.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. पुढचा राउंड सुरू झाला तरी त्याच्या डोक्यात मागचाच होता. युगांडाची माती आपल्यासारखी लाल का? मग त्याला सांगितलं की भरपूर पाऊस आणि उष्णता असली की हजारो-लाखो वर्षांत खडकातलं बाकीचं बरंच धुऊन जातं आणि लोखंडाची, ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. लोखंडाचा तो गंजाचाच रंग. आपला जांभा तसाच झालेला. हीच गोष्ट त्याच्या पुस्तकात ‘मृदेचे प्रकार’ या मथळ्याखाली आहे आणि त्याने ती परीक्षेत लिहिलीही होती. तेव्हा त्याला त्याबद्दल एकही प्रश्न पडला नव्हता. गेममध्ये पडला, कारण त्या लाल मातीने त्याला जवळजवळ फसवलं होतं.

असंच सूर्याचं. दुपारी सूर्य आकाशात उत्तरेला दिसला तर आपण बहुधा दक्षिण गोलार्धात. सिरिलिक (रशियन वगैरे भाषांची लिपी) पाटीत ‘ї’ अक्षर दिसलं की युक्रेन. ब्राझीलमध्ये दुकानाच्या फोन नंबराआधीचा दोन आकडी कोड बघून राज्य काढता येतं. हे कुणी पाठ करायला लावत नाही. हरलात की जिंकणाऱ्याला कशावरून कळलं याची चुटपुट लागते आणि रात्री तुम्ही ते शोधत बसता.

आता याच गेमची उलटी बाजू, कारण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने ती जास्त महत्त्वाची आहे. तरबेज खेळाडू घाना कशावरून ओळखतात माहितीये? स्ट्रीट व्ह्यूच्या गाडीच्या टपावरच्या दांड्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसते, त्यावरून. केनियात गाडीला पुढे स्नॉर्केल (इंजिनाला हवा पुरवणारी उभी नळी) दिसतो. मंगोलियात टपावर तंबू-सामान बांधलेलं असतं. हे ज्ञान घानाचं नाही, गुगलच्या गाडीचं आहे! घानाबद्दल काडीचीही माहिती नसताना घानाचे भरपूर गुण मिळवता येतात. गेम ज्याला गुण देतो तेच खेळाडू शिकतो. बनवणाऱ्याने किंवा पालकाने मनात काय धरलं होतं त्याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. तरी माझा अनुभव असा की पोरं चिकटपट्टीपासून सुरुवात करतात आणि हळूहळू झाडं, छपरं, लिप्या यांच्याकडे वळतात, कारण सगळ्यांनाच चिकटपट्टी माहीत झाली की तिचा उपयोग संपतो. पुन्हा झाशी आणि झाग्रेबच.

शिकवण्याच्याच उद्देशाने केलेला आणि तरीही खेळावासा वाटणारा एक गेम म्हणजे इको. सिॲटलच्या स्ट्रेंज लूप गेम्सचा. त्याला अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं अनुदान मिळालं होतं आणि २०१८ पासून तो स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आहे. एका सर्व्हरवर, म्हणजे एकाच सामायिक जगात, सगळे मिळून जंगलात संसार मांडतात. आकाशात एक उल्का दिसत असते, जी साधारण तीस दिवसांत येऊन आदळणार. तेही आपल्या घड्याळातले दिवस, गेममधले नव्हेत. तिला फोडायला लेझर हवेत, लेझरला कारखाने हवेत, आणि कारखान्यांनी तुमची नदी, हवा आणि हरणं आधीच संपवली तर उल्केची गरजच उरत नाही. एकट्याला सगळी कसबं जमत नाहीत, त्यामुळे कुणी सुतार, कुणी लोहार, कुणी स्वयंपाकी.

मी शेती घेतली होती. वरच्या अंगाला एका गड्याने लोखंड गाळायला सुरुवात केली आणि खाणीचा टाकाऊ गाळ उघड्यावर रचला. माझं पीक खुरटायला लागलं. गोव्यात खाणींची माती भातशेतीत उतरते याच्या बातम्या मी वर्षानुवर्षं वाचल्यात, हळहळून पान उलटलंय. इथे मात्र कीबोर्ड आपटला. गेममध्ये कायदे करता येतात, त्यावर मतदान होतं, आणि मंजूर झालेला कायदा गेम स्वतःच पाळायला लावतो. मी गाळ उघड्यावर टाकायला बंदी सुचवली. लोहार म्हणाला, मग लेझरचं लोखंड तुझ्या भोपळ्यांतून काढायचं का? त्याचंही खरं होतं. मग खड्डा खणून गाळ पुरायचा खर्च कुणी द्यायचा, लोखंडावर कर लावला तर कुऱ्हाडी महाग होतील त्याचं काय, असं करत रात्री एकपर्यंत चॅटवर वाद. नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र आणि पर्यावरण हे तिन्ही विषय त्या वादात होते आणि कुणालाही जांभई आली नाही. यातून पर्यावरण काढून टाकलं तर गेमच शिल्लक राहत नाही.

अर्थात हा गेम प्रत्येकासाठी नाही. सुरुवातीला लाकूड तोडण्यात आणि दगड फोडण्यात फार वेळ जातो, उशिरा आलेल्याला सगळी मोक्याची कामं आधीच कुणीतरी घेतलेली दिसतात, आणि सर्व्हरवरची निम्मी माणसं मध्येच नाहीशी झाली की उरलेल्यांचा उत्साहही मावळतो. चांगली माणसं मिळणं हा मल्टिप्लेअरचा अर्धा भाग आहे आणि तो कुठल्याही डब्यात मिळत नाही.

फोल्डिटचा उल्लेख करायलाच हवा. वॉशिंग्टन विद्यापीठाचा, २००८ चा. प्रथिनाची साखळी पिळून-वाकवून तिचा सर्वांत स्थिर आकार शोधायचा. जगभरचे खेळाडू गट करून एकमेकांशी झुंजतात. माकडांना होणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाची रचना संशोधकांना वर्षानुवर्षं उलगडत नव्हती. या खेळाडूंनी काही आठवड्यांत इतकं अचूक प्रारूप दिलं की ती सुटली, आणि २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्यांच्या प्रयोगशाळेतून हा गेम आला त्या डेव्हिड बेकर यांना २०२४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं (गेमसाठी नव्हे, प्रथिनांच्या रचनेतल्या कामासाठी). कोडी सोडवण्याचं व्यसन असलेल्यांना हा गेम आवडेल, बाकीच्यांना दहा मिनिटांत झोप येईल.

आणि कहूट, तो प्रश्नमंजूषेचा गेम? शाळेत तिने खेळला असेलच. वर्गात धमाल येते हे खरं, पण ती शर्यतीची धमाल आहे. पटकन बटण दाबणाऱ्याला जास्त गुण, म्हणून विचार करणारं मूल मागे पडतं. उजळणीला महिन्यातून एकदोनदा छान. त्यावरून विषयाची गोडी लागली असं मी तरी पाहिलेलं नाही.

तुमच्या घरी सुरुवात जिओगेसरने करा. ब्राउझरवर चालतो, फुकटात फार खेळता येत नाही, पण आवडतो की नाही हे कळण्याइतकं कळतं. आधी तुम्ही दोघी एकमेकींविरुद्ध खेळा, आणि तिला मुद्दाम जिंकू देऊ नका, लगेच ओळखतात. इको विकत घ्यावा लागतो, फोनवर चालत नाही आणि कॉम्प्युटर बऱ्यापैकी लागतो. तो घेतलात तर अनोळखी सर्व्हरपेक्षा तिच्या चारपाच मैत्रिणींचा खासगी सर्व्हर बरा, कारण यात चॅटशिवाय काहीच होत नाही आणि समोर कोण आहे ते माहीत असलेलं चांगलं. एक पथ्य पाळा: गेम संपल्यावर ‘मग आज काय शिकलीस?’ असं विचारू नका. तो प्रश्न आला की दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जुन्या गेममध्ये दिसेल. त्याऐवजी तिच्याकडून हरल्यावर तिने कशावरून ओळखलं ते विचारा. ते ती न थांबता सांगेल.