दाखला काढायची घाई करू नकोस

"माई, मुलगा १५ वर्षांचा आहे, यंदा नववीत गणितात नापास झाला. शाळेत बोलावून सांगितलं की याला दहावीला बसवून उपयोग नाही, दाखला काढा आणि बाहेरून १७ नंबर भरा. मिस्टर म्हणतात पुन्हा नववीलाच बसव. तो कोणाशी नीट बोलत नाही, दिवसभर माझ्या भावाच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसलेला असतो. सासरी मी अजून काही सांगितलेलं नाही. बाहेरून दहावी केली की पोराच्या नावावर कायमचा शिक्का बसतो का?"
एक आई, इचलकरंजी

अगं, आधी शिक्क्याचंच बोलते कारण मला वाटतं तुझी झोप त्यानेच उडालीय. नाही बसत शिक्का. १७ नंबरने, म्हणजे शाळेत न जाता बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून, बसलेला मुलगा तोच बोर्डाचा पेपर देतो, त्याच दिवशी देतो, आणि पास झाला की पुढे अकरावी, आयटीआय सगळीकडे त्याला दार उघडं असतं. आजारपणामुळे शाळा सुटलेल्या मुली, कामाला लागलेली पोरं, लग्नानंतर पुन्हा शिकायला घेतलेल्या बायका असे कितीतरी जण दरवर्षी हा फॉर्म भरतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण तुझ्या पोराची अडचण गणिताची आहे ना? मग १७ नंबरने ती कशी सुटणार? गणित तेच, पेपर तोच, फक्त रोज शिकवायला समोर कोणी नाही. वर्गात बसून जे जमलं नाही ते घरी एकट्याने जमेल असं कोणी कसं सांगू शकतं मला कळत नाही. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून नववीतली कच्ची मुलं बाहेर काढायची ही पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते आणि मला तिचा मनापासून राग येतो, कारण त्यात शाळेची सोय बघितली जाते, मुलाची नाही. दाखल्यासाठी पालकाचा अर्ज लागतो, तो तू अजून दिलेला नाहीस तर देऊ नकोस. एकदा दाखला हातात आला की त्याच शाळेत परत घ्यायला लावणं फार जड जातं. आणि फेरपरीक्षा घेतली का, घेणार आहात का, हे आधी विचार.

आता मुलाकडे बघू. वाइंडिंगच्या दुकानात तो नुसता बसतो की काम करतो? म्हणजे जुनी कॉइल काढताना तारेचे वेढे मोजतो का, वायरचा गेज म्हणजे जाडी बघून तेवढ्याच गेजची वायर आणतो का, बिलाची बेरीज करतो का? हे तुझ्या भावाला विचार, मुलाला नको, त्याला परत परीक्षा वाटेल. तिथे आकडे बरोबर येत असतील तर बहुतेक पाचवी-सहावीतलं काहीतरी, अपूर्णांक, भागाकार, असं कच्चं राहिलंय आणि त्याच्यावर सगळं रचत गेलेत, ते एखाद्या शांत शिक्षकाकडे भरून निघतं. पण तिथेही आकडे उलटसुलट होत असतील, सुट्टे पैसे मोजताना, घड्याळ बघताना गोंधळ होत असेल तर डिसकॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे समजण्यातच मुळात अडचण आहे का याची, तपासणी करून घे. सर्टिफिकेट मात्र सरकारने ठरवून दिलेल्या हॉस्पिटलचंच चालतं, मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये त्यासाठी कितीतरी वर्षांपासून क्लिनिक आहे, तुम्हाला जवळ कुठे पडेल ते सिव्हिल हॉस्पिटलमध्ये विचारा. ते मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि गणितासाठी सवलती मिळतात. हे तपासल्याशिवाय पोराला "अभ्यासच करत नाही" म्हणू नका, मिस्टरांनाही सांग.

आणि समजा शाळा नकोच झाली, तर माझा कल एनआयओएसकडे आहे, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. केंद्र सरकारचं बोर्ड आहे, १९८९ पासून चालू आहे, दहावी मराठी माध्यमातून करता येते, पुण्यात त्यांचं विभागीय केंद्र आहे. वय १४ पूर्ण लागतं. पाच विषय घ्यायचे, एक तरी भाषा हवी, आणि खरी गोष्ट इथे आहे बघ, पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं चालतं, परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि पास झालेला विषय जमा राहतो. पासिंग ३३ टक्क्यांना. गणित न घेताही दहावी होते, बरेच जण एवढंच ऐकून खूश होतात, पण तुझ्या बाबतीत मी म्हणेन गणित सोडू नकोस, मागे ठेव. कारण याचे हात मोटारीत रमतात आणि आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड घ्यायचा तर दहावीला गणित आणि विज्ञान लागतं. आधी भाषा, विज्ञान आणि सोपे जातील ते विषय देऊ दे, पास झाल्याचा कागद हातात येऊ दे, मग सगळा जोर एकट्या गणितावर. वायरमनसाठी आठवी पास चालते, तोही रस्ता आहे, पण दहावी होत असेल तर दहावी करूनच जाऊ दे.

"एका वर्षात दहावी-बारावी, गॅरंटीड पास" अशा जाहिरातीवाल्याला एक रुपयासुद्धा देऊ नकोस. बोगस बोर्डांची सर्टिफिकेटं घेऊन पुढे अॅडमिशनला अडकलेली मुलं आहेत. फॉर्म ऑनलाइन असतो, स्वतः भर.

मला जास्त काळजी वेगळीच वाटते. शाळा सुटली की दिवस मोकळा होतो, मित्र सकाळी शाळेत गेलेले असतात, हा घरात, आणि हळूहळू उठायची वेळच राहत नाही. मुक्त विद्यालयातून गळणारी मुलं पुष्कळदा अभ्यासाने नाही, या एकटेपणाने गळतात. म्हणून कोणताही फॉर्म भरायच्या आधी दिवस ठरवा. सकाळी अभ्यास, शक्यतो घराबाहेर, क्लासला किंवा वाचनालयात. दुपारी मामाकडे, पण शिकायला, राबायला नाही, हे भावाला स्पष्ट सांग. संध्याकाळी जुन्याच मित्रांबरोबर मैदानात. आणि त्याचं दुकानात जाणं बंद करायची धमकी शिक्षा म्हणून कोणी द्यायची नाही, सध्या तेवढीच एक जागा आहे जिथे त्याला आपण उपयोगाचे आहोत असं वाटतंय.

मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पुन्हा नववी हा वाईट पर्याय नाही, शिक्षक चांगले असतील आणि पोरगं तयार असेल तर तोच सगळ्यात स्वस्त आणि सरळ आहे. पण तुझ्या पत्रात शाळा काय म्हणते ते आहे, मिस्टर काय म्हणतात ते आहे, मुलगा काय म्हणतो हे कुठेच नाही गं. तो बोलत नाही म्हणतेस, तर समोर बसवून विचारू नकोस, दुकानातून येताना गाडीवर मागे बसलेला असेल तेव्हा विचार. नववी पुन्हा, १७ नंबर, मुक्त विद्यालय, तिन्ही नीट समजावून सांग आणि दोन दिवस दे.

सासरी सांगायचं तर लपवून नको, त्याच्यासमोर सांग, साध्या आवाजात, की गणित राहिलंय आणि आम्ही असं असं ठरवतोय. तू जितकं लपवशील तितकं त्याला वाटेल की आपण घरची लाज आहोत. कोणी बोललंच तर उत्तर तू दे, त्याला द्यायला लावू नकोस.

शाळेत जाताना मिस्टरांना बरोबर ने, आणि फेरपरीक्षेचं काय ते लेखी माग.