१८ फुटी फायबर होडी नांगर टाकूनही सरकते, काय करावे?

बहुतेक वेळा दोष वजनाचा नसतो, दोर आखूड पडतो. ओढ वरून आली की नांगराचे फाळ उपटतात. भरतीची खोली ६ मीटर आणि नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची १ मीटर धरली, तर या ७ मीटरच्या पाचपट, म्हणजे किमान ३५ मीटर दोर सोडा, वारा असेल तर ५० मीटर. ओहोटीला खोली मोजून दोर सोडलात तर भरतीत दोर आखूड पडून होडी सुटू शकते.

वाळू-चिखलाला रुंद फाळांचा ६-७ किलोचा नांगर घ्या, खडकाला चार हुकांचा. नांगराला आधी ८ मिमीची ४-५ मीटर साखळी, मग १२ मिमी नायलॉन दोर. तरंगणारा प्लास्टिक दोर नको, इंजिनाच्या पंख्यात गुंततो. शॅकलची (नांगर-साखळी जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधा, हादऱ्यांनी ती सैल होऊ शकते. आणि दोर नाळेलाच बांधा. मागून बांधलात तर इंजिनाच्या वजनाने दबलेल्या बाजूने लाट आत येते.