वरची माती विकू का? शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

शिरूरकडच्या एका दादांनी विचारलंय, साहेब, वीटभट्टीवाला वावरातली फूटभर माती मागतोय, रोख पैसे देतोय, रान लेव्हल करून देतो म्हणतोय, देऊ का?

दादा, देऊ नका. हिशोब बघा, एकर म्हणजे 43,560 स्क्वेअर फूट, ब्रास 100 घनफुटाचा, म्हणजे फूटभर उचलली की साधारण 435 ब्रास माती गेली आणि तिच्याबरोबर इतक्या वर्षांचं शेणखत, सेंद्रिय कर्ब, गांडुळं, जिवाणू सगळंच गेलं. खाली उरतो मुरूम नाहीतर चुनखडी, त्यात डीएपी खताच्या गोण्या ओतत बसायचं. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, एफएओ, सांगते की 2-3 सेंटिमीटर माती तयार व्हायला हजार वर्षांपर्यंत लागू शकतात, आणि जेसीबी किती वेळात खरवडतो ते तुम्हाला माहितीये. वर तुमचं रान खोलगट झालं की पावसाळ्यात शेजारच्या बांधावरचं पाणी तुमच्यातच साचणार. अजून एक, माती गौण खनिजात येते, परवानगीशिवाय काढली तर महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि सातबारावर नाव भट्टीवाल्याचं नाही, तुमचं आहे.

ज्यांनी आधीच माती दिलीय त्यांनी सरकारच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून धरणातला गाळ मिळतोय का बघा (हलक्या रानातच टाका, भारी काळ्या जमिनीत नको), मग ताग किंवा धैंचा (हिरवळीच्या खताची पिकं) पेरून फुलोऱ्यात आला की जमिनीत गाडा. पहिल्यासारखं लगेच होणार नाही, पण सुधारतं.

खेडवरून एकजण म्हणतायत, माझ्या दोन एकरात प्लॉटिंग झालं तर जगाच्या धान्याला काय फरक पडतो? एकट्याच्या दोन एकराने नाही पडत, खरंय. पण असं म्हणणारे सगळ्या गावात आहेत ना! देशात 1970-71 ला निव्वळ पेरणीक्षेत्र 14 कोटी हेक्टर होतं, आजही साधारण तेवढंच आहे, आणि खाणारी तोंडं 55 कोटींवरून 140 कोटींच्या वर गेली. जगातल्या तांदूळ निर्यातीत आपला वाटा 40 टक्क्यांच्या आसपास, जुलै 2023 मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तर बाहेर लगेच भाव चढले. पोरीचं लग्न, दवाखाना, विकायची वेळ कुणावरही येते, त्यात मी कोण नावं ठेवणार? फक्त विकायचंच असेल तर माळाचा तुकडा द्या, विहिरीखालचं काळं रान ठेवा, आणि व्यवहाराआधी जमीन कुठल्या झोनमध्ये येते, एनए (बिगरशेती) आणि तुकडेबंदी (लहान तुकडे विकायला असलेली बंदी) यांचं तलाठ्याकडे नीट विचारा.

दौंडच्या ताई विचारतायत, ऊस तोडल्यावर रानात उरलेलं पाचट (वाळलेला पाला) पेटवू का? ताई, पेटवू नका. सरीत पसरा, हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं कल्चर टाका, वरून पाणी द्या. ओल राहिली नाही तर ते कुजत नाही आणि मग लोक कल्चरला नावं ठेवतात.