अल्यूट शिकारी आणि रशियन फरव्यापारी: व्यापार की वेठबिगारी?

अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवरचे मूळ रहिवासी असलेले अल्यूट लोक रशियनांसाठी शिकार करत, ती मोबदल्यापोटी की जबरदस्तीने, असे आपण विचारले आहे. निदान पहिल्या काही दशकांपुरते माझे उत्तर 'जबरदस्तीने' असेच आहे. मात्र तिचे मूळ मला रशियनांच्या सामर्थ्यापेक्षा त्यांच्या अडचणीत अधिक दिसते.

सायबेरियात रशियन लोक सेबल या मौल्यवान फरच्या प्राण्यासाठी स्वतः सापळे लावत आणि स्थानिकांकडून 'यासाक' हा कातड्यांचा कर उकळत. १७४१च्या बेरिंग मोहिमेतून बचावलेल्या खलाशांनी सागरी पाणमांजरांची कातडी आणली आणि चीनच्या सीमेवरील क्याख्त्याला तिला भरमसाट भाव मिळू लागला, तेव्हा व्यापाऱ्यांची गलबते अल्यूशियन बेटांकडे लोटली. किनाऱ्यावर सापडणारे प्राणी लवकरच विरळ झाले आणि खुल्या समुद्रातली शिकार रशियनांना जमेना. अल्यूट मात्र लाकडी सांगाड्यावर समुद्रसिंहाचे कातडे ताणून बनवलेल्या हलक्या होड्यांतून जात, प्राण्याने बुडी मारली की त्या जागेभोवती कडे करत आणि तो श्वासासाठी वर आला की हातातल्या फेकफळीच्या आधाराने भाला फेकत.

हे कौशल्य ताब्यात ठेवण्यासाठी प्रमुखांची मुले आणि नातलग ओलीस ठेवले जात. मोबदला म्हणून मणी, तंबाखू, क्वचित भांडी मिळत. पण कर्ते पुरुष महिनोन्महिने बाहेर असल्याने घरी हिवाळ्याची बेगमी होत नसे, आणि हा भुर्दंड कोणत्याही हिशेबात धरला गेला नाही. १७६३-६४ मध्ये उमनाक, उनालास्का या बेटांच्या परिसरातील अल्यूटांनी चार रशियन गलबते नष्ट केली. त्यानंतर सोलोव्योव्ह या रशियन फरव्यापारी गलबताच्या म्होरक्याने गावे आणि होड्या उद्ध्वस्त करून सूड घेतला. अलास्काच्या कोडियाक बेटावर १७८४ मध्ये शेलिखोव्ह या रशियन व्यापाऱ्याने तिथल्या मूळच्या आलुतीक लोकांवर तोफा चालवल्या, त्यालाही काही जण 'वसाहतीची स्थापना' म्हणतात!

१७९९ मध्ये रशियन-अमेरिकन कंपनीला मक्ता मिळाल्यावर सक्तीला कागदोपत्री रूप आले. १८२१च्या सनदेनुसार १८ ते ५० वयाच्या निम्म्या अल्यूट पुरुषांना कंपनी कामाला लावू शकत असे. मजुरी ठरलेली होती, नकाराची मुभा नव्हती.

आग्नेय अलास्काच्या किनाऱ्यावरील त्लिंगित लोकांची गोष्ट वेगळी, कारण ब्रिटिश आणि अमेरिकन व्यापाऱ्यांकडून त्यांना बंदुका मिळत होत्या. १८०२ मध्ये त्यांनी सिट्काचा रशियन तळ उद्ध्वस्त केला. दोन वर्षांनी कंपनीचा तिथला प्रमुख बारानोव्ह 'नेवा' हे जहाज आणि शेकडो अल्यूट घेऊन परतला आणि त्याने ती जागा जिंकली, तरी त्लिंगितांना त्याच्या कंपनीला कधीच राबवता आले नाही. उलट वसाहतीला मासळी, मांस, पुढे बटाटेसुद्धा त्यांच्याकडून विकत घ्यावे लागले.