घरातल्या सगळ्यांना व्यायामाची सवय लावायची आहे, पण दरवेळी आठ दिवसात बंद पडतं. काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा, ९ आणि १४ वर्षांची मुलं आणि सासूबाई अशा सगळ्यांना मिळून काहीतरी सुरू करायचंय. आमच्याकडे पण सेम माणसं, फक्त मोठी मुलगी आणि लहान मुलगा. आम्ही अमळनेरला राहतो. आणि आठ दिवसात बंद पडायचं म्हणाल तर त्यात आमचा नंबर तुमच्या वरच लागेल, कारण मिस्टरांनी एका जिमची वर्षाची फी एकदम भरली होती आणि गेले मोजून अकरा दिवस. बारावा दिवस कधी उगवलाच नाही. मग मी सकाळी सहाचा अलार्म लावून सगळ्यांना गच्चीवर सूर्यनमस्कार घालायला लावले, ते परीक्षा आली तेव्हा बंद झाले आणि परीक्षा संपली तरी बंदच राहिले.

खरी गोष्ट सासूबाईंमुळे कळली. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की गुडघे दुखतात म्हणून बसून राहू नका, थोडं चालत जा, तर मी म्हटलं आई चला संध्याकाळी फिरून येऊ, तर त्या म्हणाल्या, "मी काय येडी शे का, बिनकामनं फिराले?" तेव्हा हसले मी, पण नंतर विचार केला की बरोबर आहे ना त्यांचं. जन्मभर शेतात कापूस वेचला, डोक्यावर भारा आणला, त्यांच्या पायाला काम होतं म्हणून पाय चालत होते. याच सासूबाई तरुणपणी चैत्रात वणीच्या गडावर पायी गेलेल्या आहेत, कित्येक दिवस चालत, तेव्हा कोणी त्यांना व्यायाम करा म्हणालं नव्हतं.

मग मी एकच केलं, घरी येणारं दूध बंद केलं. डेअरी आमच्यापासून साधारण ९०० मीटरवर आहे, म्हणजे जाऊन येऊन पावणेदोन किलोमीटर. संध्याकाळी दूध नाही आणलं तर सकाळी चहा नाही, विषय संपला. गाडीनी जायचं नाही एवढा एकच नियम. पहिल्या आठवड्यात मिस्टरांनी दोनदा गुपचूप बाईक काढली, तर मी गाडीची चावी पिठाच्या डब्यात ठेवली, अजून तिथेच असते.

एकत्र चालताना मोठी अडचण स्पीडची येते, ते आधीच सांगून ठेवते. सासूबाई हळू, मुलगा सुसाट. आम्ही असं करतो की सासूबाईंसोबत एक जण कायम, आणि मुलगा पुढच्या चौकापर्यंत पळत जातो, परत येतो, पुन्हा जातो, त्यामुळे त्याचं अंतर न सांगता दुप्पट होतं. मिस्टरांना जाताना आमच्यासोबत आणि येताना झपाझप जायचं, हातात किटली. मुलीनी कुठेतरी वाचलं होतं की बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतकं जोरात चाललं तर ते खरं चालणं, तर ती त्यांच्या मागे लागते, पप्पा गाणं म्हणा, आणि त्यांना दोन ओळी नीट जमल्या की ओरडते "फास्ट, फास्ट!" सगळी गल्ली बघते.

आकड्यांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलंय ते असं की मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल, ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. आधी सलग दहा मिनिटं चाललं तरच धरायचे, ती अट आता काढून टाकलीये, त्यामुळे पाच मिनिटं झाली तरी जमेला धरा. म्हणजे नुसत्या डेअरीनी मुलांचं भागत नाही हे मान्य. मुलगा ग्राउंडवर क्रिकेट खेळतो. मुलीला मैत्रिणींनी आजीसोबत बघितलं तर कसंतरी वाटायचं, चौदाव्या वर्षी वाटतंच, त्याच्यावर वाद घालू नका. तिला मी आठवडे बाजाराचा भाजीपाला आणि पैसे दिले, सायकल घेऊन एकटी जाते, घासाघीस करून येते, वरचे वीस रुपये तिचे.

वयस्कर माणसाला चालण्यासोबत तोल सांभाळायचा पण सराव लागतो. सासूबाई चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करतात, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचं दहा वेळा. तुमच्या सासूबाईंना चक्कर, बीपी असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता आपल्याकडचा उन्हाळा. तुम्ही भुसावळच्या, तुम्हाला मी काय सांगू. मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि संध्याकाळी सातला पण रस्ता तव्यासारखा असतो. इथेच सगळ्यांच्या सवयी मोडतात, आमची पण पहिल्या वर्षी मोडली. आता एप्रिल लागला की दूध पहाटे साडेपाचला आणायला जातो, सगळे नाही उठत, जो उठेल तो. रात्री गच्चीवर पाणी मारतो, मुलं दोरीवरच्या उड्या मारतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधतो, त्याच्यावर उभं राहून चढवायचा म्हणजे पाय काय भरून येतात, करून बघा. हिवाळ्यात भरीत पार्टी असली की शेतापर्यंत चालत जायचं, वांगी भाजायला पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, मुलांनी गोळा करायच्या आणि वांगी ठेचायचं काम मिस्टरांकडे. तीस माणसांचं भरीत ठेचून बघा, जिमच्या अकरा दिवसांपेक्षा जास्त घाम निघतो.

तुमच्याकडे डेअरी जवळ नसेल तर दुसरं काही शोधा, दळण, मुलाचा क्लास, देवदर्शन, पण रोज लागणारंच काम पाहिजे.

परवा माहेराहून भाऊ येताना तीन लिटर दूध घेऊन आला. मी म्हटलं आज सुट्टी. तर सासूबाई चपला घालून, किटली घेऊन दारात उभ्या. म्हटलं आई, दूध आहे ना घरात. तर म्हणाल्या, "राहू दे, दही लावसूत."